बाँबपासून झाडूपर्यंत : सेनापती बापट

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असते. जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई यांच्यावर आपल्या भगिनींनी आजवर फार चांगले लिहिले आहे. यंदा पाळी माझ्यावर आली तेव्हा मी सेनापती बापटांचे नाव सांगितले. दोघीतिघींनी विचारले, की महिला मंडळाच्या पुस्तकात हे कशाला? म्हणून आधी कारण सांगते.

मागे २६ जानेवारीला शाळेतल्या मुलांनी क्रांतिकारकांवर नाटुकले बसवले होते. माझा धाकटा त्यात होता. बाँबच्या जागी सुतळीचा फटाका वाजला नि सारा मंडप टाळ्यांनी दणाणला. घरी आल्यावर तो मला विचारू लागला, की एका बाँबने साहेब एवढा घाबरला, तर मग त्यांनी आणखी शंभर बाँब का नाही टाकले? माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण प्रश्न मला सोडीना. वाचनालयातून पुस्तके आणून दुपारची कामे आटोपल्यावर मी वाचू लागले. तेव्हा कळले, की हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रातला एक माणूस जन्मभर स्वतःला विचारत राहिला, आणि त्याने बाँबही शिकून पाहिला, संपही करून पाहिला. ते हे पांडुरंग महादेव बापट.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातल्या पारनेर गावी झाला. घरची गरिबी, पण डोके फार हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असतानाच त्यांनी उघड्या तलवारीवर हात ठेवून देशसेवेची शपथ घेतली होती. पुढे मंगळदास नथूभाई यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ साली ते विलायतेला एडिंबरो येथे इंजिनिअरिंग शिकायला गेले. घरच्यांना वाटले असेल, मुलगा आता साहेब होऊन येणार, चार पैसे दिसणार. पण पांडुरंगरावांनी तिथेच, साहेबाच्या देशात, साहेबाच्या भरसभेत हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याचे वाभाडे काढले. शिष्यवृत्ती बंद झाली. मग ते लंडनला इंडिया हाऊसमध्ये आले. तिथे सावरकर भेटले आणि त्यांच्या सांगण्यावरून बापट बाँबची विद्या शिकायला पॅरिसला गेले.

ही विद्या शिकवणारे होते रशियातून परागंदा झालेले क्रांतिकारक. बापटांबरोबर बंगालचे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास हे होते. बाँब कसा करायचा याचे एक पुस्तक रशियन भाषेत होते. त्याचे इंग्रजी करून घेतले गेले, त्याच्या प्रती निघाल्या आणि १९०८ च्या सुरुवातीला बापट ते घेऊन मायदेशी आले. त्या वेळचे समुद्रावरचे पहारे, बंदरावरच्या झडत्या मनात आणल्या म्हणजे या धाडसाला नमस्कारच करावा वाटतो.

आता इथे जरा थांबून रशियाकडे पाहू, कारण ज्यांच्याकडून ही विद्या आली त्यांच्या घरातच या गोष्टीवरून भांडण चालले होते. तिथे १८८१ साली काही क्रांतिकारकांनी बाँब टाकून बादशहालाच, म्हणजे झारला, मारले. त्या कटात सोफिया पेरोव्स्काया नावाची सत्तावीस वर्षांची मुलगी होती. मोठ्या सरकारी अधिकाऱ्याची लेक. तिला फाशी झाली. एवढे करून हाती काय आले? मेलेल्या झारच्या जागी त्याचा मुलगा बसला आणि तो बापापेक्षा कडक निघाला. पुढे १८८७ मध्ये त्यालाही मारायचा कट झाला, तो फसला, आणि त्यात लेनिनचा थोरला भाऊ फासावर गेला. तेव्हापासून तिथल्या समाजवादी मंडळींत दोन तट पडले. एक म्हणे, मोठमोठे अधिकारी टिपत राहा, म्हणजे लोक जागे होतील. दुसरा म्हणे, लोक काय नुसते बघायला आहेत? कारखान्यात जा, मजुरांना लिहावाचायला शिकवा, त्यांचे त्यांना उभे राहू द्या. या दुसऱ्या रस्त्याला फार वेळ लागला. पण १९१७ साली ८ मार्चला पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बाया भाकरीसाठी काम टाकून रस्त्यावर आल्या, त्यांच्यामागून बाकीचे कारखाने बंद पडले आणि आठवडाभरात झारने गादी सोडली. आपण दरवर्षी ८ मार्चला महिला दिन करतो, पाहुण्या बोलावतो, चहा-फराळ करतो. ती तारीख या गिरणीतल्या बायांची आहे, हे मला तरी या वाचनाआधी ठाऊक नव्हते.

बापट १९०८ मध्ये पुस्तक घेऊन आले, त्यांची स्वतःची इच्छा घाईने बाँब उडवायची नव्हती, देशभर तयारी करून एकदम उठाव करावा अशी होती. पण बंगालमध्ये हेमचंद्र दास आले होते आणि तिथल्या तरुणांना धीर नव्हता. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी या दोन पोरांनी किंग्जफोर्ड नावाच्या न्यायाधीशाची गाडी समजून एका घोडागाडीवर बाँब टाकला. गाडीत किंग्जफोर्ड नव्हता. केनेडी नावाच्या एका साहेबाची बायको आणि मुलगी होती. दोघी मेल्या. प्रफुल्ल चाकीने पकडले जाताना स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि खुदिराम ११ ऑगस्टला फासावर गेला. अठरा वर्षांचा होता.

या पोरांच्या देशभक्तीला मी नावे ठेवत नाही, ठेवणारी मी कोण? पण बाई म्हणून माझ्या मनात त्या गाडीतल्या दोघी मायलेकी येतात, आणि खुदिरामची बहीणही येते, जिने आईवेडे पोर लहानाचे मोठे केले. अंधारात गाडी ओळखू आली नाही, एवढ्यावर तीन घरांचे वाटोळे झाले. आणि जो न्यायाधीश मारायचा तो सुखरूप राहिला. नाटकात हे दाखवत नाहीत.

मग धरपकड सुरू झाली. अलीपूरचा मोठा खटला उभा राहिला. त्यातला एक जण माफीचा साक्षीदार झाला आणि बापटांचे नाव सरकारला कळले. बापट भूमिगत झाले. जवळजवळ चार वर्षे ते वेष बदलून, नाव बदलून हिंडत होते. इकडे पारनेरला बायको होती. चार वर्षे नवरा घराबाहेर, पत्र येणार नाही, पोलीस मात्र येणार. गुप्त कामाचा हा दुसरा भाग चरित्रांत दोन ओळींत उरकतात.

पण या हिंडण्यातच बापटांच्या आयुष्याला वळण लागले. गावोगाव, धर्मशाळांतून, बाजारांतून फिरताना त्यांच्या ध्यानात आले, की आपल्या देशातल्या बहुसंख्य लोकांना आपण परक्याच्या राज्यात आहोत हेच नीट ठाऊक नाही. त्यांना सावकार माहीत, पाटील-तलाठी माहीत, दुष्काळ माहीत. पण विलायतचा राजा कोण नि तो इथे का, याचा पत्ता नाही. ज्यांच्यासाठी बाँब करायचा त्यांनाच तो कशासाठी हे कळणार नसेल, तर आवाजाशिवाय काय व्हायचे? मला वाटते, सबंध चरित्रात ही जागा सगळ्यांत महत्त्वाची आहे. पुस्तकी वाद घालून नव्हे, तर पायी चालून त्यांना हे समजले.

१९१२ मध्ये ते पकडले गेले आणि पुढे सुटून पारनेरला आले. तिथे त्यांनी काय केले? हातात झाडू घेतला. पहाटे उठून गावचे रस्ते झाडायचे, संडास साफ करायचे. विलायतेहून आलेला, कॉलेज शिकलेला ब्राह्मण हे करतो म्हटल्यावर गावात काय गहजब झाला असेल, ते खेड्यात राहणाऱ्या आपल्याला सांगायला नको. १९१४ मध्ये मुलगा झाला. त्याच्या बारशाला त्यांनी गावातल्या अस्पृश्य मानलेल्या लोकांना बोलावून पहिली पंगत त्यांची बसवली. त्या घरातल्या बायकांनी त्या दिवशी स्वयंपाक केला, वाढले, आणि नंतर गावाचे टोमणेही त्यांनीच ऐकले असतील. पुरुषाचे मोठेपण असे पुष्कळदा बायकांच्या चुलीवर शिजलेले असते.

पुढे पुण्या-मुंबईत वर्तमानपत्रांतून त्यांनी काम केले. आणि मग आले १९२० साल. मुंबईत झाडूवाल्यांची स्थिती फार वाईट होती. सगळ्या शहराची घाण काढायची नि माणसात मात्र जागा नाही. बापटांनी झाडू-कामगार मित्रमंडळ काढले आणि झाडूवाल्यांनी संप केला. या संपात बापट काय करीत? गळ्यात पेटी अडकवून भजन म्हणत मोर्चाबरोबर शहरभर हिंडत. आपल्याकडे आषाढीला दिंडी जाते तसाच प्रकार. लोक दारात येऊन उभे राहत, ऐकत, आणि हळूहळू त्यांना पटत गेले, की हे लोक मागतात ते रास्त आहे. संप यशस्वी झाला. झाडूवाल्यांना न्याय मिळाला.

बाँबचे पुस्तक आणणारा हाच माणूस. एका कामाला तीन माणसे पुरत होती आणि तिघांनीही तोंड शिवून राहायचे होते. दुसऱ्या कामाला शेकडो लागत होते, आणि एकाही बाईला नाही सांगितले तरी चालणारे ते काम नव्हते. कारण संप म्हणजे चूल बंद. घरातली बाई चार दिवस उधारीवर ढकलायला तयार नसेल, तर नवऱ्याचा संप तिसऱ्या दिवशी मोडतो. शिवाय झाडूकामात बाया स्वतः होत्याच. गुपित ठेवायचे नाही, सगळ्यांना सांगायचे, हीच संपाची ताकद.

यानंतरची मुळशीची हकिगत सर्वांत मोठी. पुण्याच्या पश्चिमेला मुळा नि निळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनी वीज करण्यासाठी धरण बांधू लागली. मुंबईच्या गिरण्यांना नि आगगाड्यांना वीज हवी होती. पन्नासच्या वर गावे पाण्याखाली जाणार होती. भाताची खाचरे, देवळे, घरे सगळेच. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बाराशे मावळे बायकापोरांसह धरणाच्या जागी जाऊन बसले. काम थांबले. बापट या लढ्याचे पुढारी झाले आणि इथेच त्यांना सेनापती हे नाव मिळाले. जमीन राखू, नाहीतर जीव देऊ, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले.

आपल्या भागातल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. भीमेच्या पाण्याखाली माहेर गेलेल्या बाया आपल्या मंडळातही आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले, की जुने देऊळ दिसते म्हणून त्या पाहायला जातात. आणि आणखी एक गोष्ट, मुळेचे पाणी खरे तर भीमेला मिळून खाली आपल्या उजनीकडे यायचे. मुळशीला अडवलेले पाणी मात्र घाटाखाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघराकडे वळवले जाते. म्हणजे मुळशीशी आपले नाते पाण्याचेही आहे.

मुळशीचा लढा का हरला? काम काही दिवस थांबले नि पुन्हा सुरू झाले. त्या जमिनींपैकी पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. त्यांना जमिनीपेक्षा मोबदल्याची रक्कम प्यारी. त्यांनी पैसे घेतले आणि कसणारा मावळा उघडा पडला. मग तुरुंग, दंड, जप्ती. माणसे थकली, पांगली. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी मोजके साथीदार घेऊन, शस्त्रे जवळ बाळगून धरणाच्या कामाची आगगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात पाठवले. १९२७ मध्ये धरण पुरे झाले.

या आगगाडीच्या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला. बाराशे माणसे बसली तेव्हा काम थांबले होते; पाचसहा जण शस्त्र घेऊन उभे राहिले तेव्हा ते थांबले नाही. सेनापतींना हे दिसत नव्हते असे नाही. पण मागची माणसे गळाली म्हणजे पुढे उभ्या राहिलेल्या शूर माणसाला स्वतःच्या जिवाशिवाय खर्चायला काही उरत नाही, आणि मग तो पुन्हा जुन्या वाटेवर येतो. त्यांचे शौर्य मला मान्य आहे, तो मार्ग मला पटत नाही. मोठ्या माणसाबद्दल असे लिहावे का, असे आमच्या घरात विचारले गेले. पण नुसता हार घालायचा तर फोटो पुरे होता.

बापट सिंधच्या तुरुंगात होते तेव्हा इकडे आपल्या सोलापुरात काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि गिरणगाव पेटले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. नंतरचे दोनतीन दिवस शहरात सरकारच उरले नाही. १२ मे पासून ३० जूनपर्यंत मार्शल लॉ होता, नुसती गांधी टोपी घातली तरी शिक्षा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांत काम करणारे, वयाने अगदी तरुण. इथे कोणी पॅरिसहून पुस्तक आणले नव्हते. गिरण्यांतले, पेठांतले साधे लोक उठले होते. पण खरे ते सांगितले पाहिजे : त्या गर्दीनेही पोलीस मारले, कोर्ट जाळले. लोक जमले म्हणजे सगळे सोवळेच होते असे नाही. गर्दीला वळण लावणारा माणूस तिच्यात पुष्कळ आधीपासून मिसळलेला असावा लागतो, वेळेवर तो सापडत नाही.

याच सोलापूरच्या जुलमाचा सूड म्हणून जुलै १९३१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचला. गोगट्यांना तुरुंगवास झाला. सोलापूरच्या गिरण्यांत त्यामुळे एका माणसाची मजुरी वाढली नाही, की फासावर गेलेले परत आले नाहीत. पण लोकांच्या छातीवरचे दडपण घटकाभर हलले, हेही त्या काळच्या माणसांना वाटले असणार. आपल्या खेडचे राजगुरू ज्यांच्याबरोबर २३ मार्च १९३१ ला फासावर गेले, ते भगतसिंगही आरंभी पिस्तुलाच्या वाटेने गेले होते. पण तुरुंगात वाचन करून त्यांनी फाशीच्या आधी दीडएक महिना तरुणांसाठी लिहून ठेवले, की नुसत्या बाँबने काही साधत नाही, कामगारांत नि शेतकऱ्यांत जाऊन काम करा. तेवीस वर्षांचे वय. माझ्या मुलाला मी हे दाखवले तेव्हा तो म्हणाला, की हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही.

बापट १९३१ मध्ये सुटले. महाराष्ट्र काँग्रेसचे अध्यक्ष झाले, भाषण केले, पुन्हा तुरुंग, तो थेट १९३७ पर्यंत. पुढे १९३९ मध्ये सुभाषबाबूंनी फॉरवर्ड ब्लॉक काढला तेव्हा महाराष्ट्रात त्याचे काम सेनापतींनी पाहिले. हैदराबादच्या निजामाविरुद्धच्या सत्याग्रहातही ते होते. या सर्वाची हकिगत लिहू गेले तर स्मरणिका माझ्याच लेखाने भरेल.

१८ मे १९५५ रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी हद्द ओलांडून गेली. नानासाहेब गोरे तिच्यात होते आणि सेनापती बापटही होते. वय चौऱ्याहत्तर. हाती काही नाही. पोर्तुगीज पोलिसांनी मारहाण केली. ज्याने पंचविशीत परदेशात बसून बाँबची कृती उतरवून घेतली होती, तो म्हातारपणी रिकाम्या हाताने, आपल्याबरोबर चालणाऱ्या माणसांच्या भरवशावर, परक्या पोलिसांच्या लाठीसमोर गेला. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मोर्चाच्या पुढे त्यांची पांढरी दाढी लोकांनी पाहिली, आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झालेलेही त्यांनी पाहिले.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे, सेनापती बापट मार्ग. दादर-परळच्या बाजूने, पूर्वी जिथे गिरण्यांची धुराडी होती त्या भागातून तो जातो. गिरण्या आता राहिल्या नाहीत, उंच इमारती झाल्या आहेत. रस्ता मात्र अजून रोज झाडावा लागतो.